वाढदिवसाचा आठवडा

आमच्या टीममध्ये कुणाचाही वाढदिवस सुटत नाही. सॅन होजेतल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत केक येतो, सगळे बेसूर गातात आणि पंधरा मिनिटांत परत लॅपटॉपवर. फक्त एक जण दरवर्षी त्या आठवड्यात रजेवर असतो. माझा सीनियर, चाळिशीला टेकलेला. कोड रिव्ह्यूमध्ये चूक दाखवतो, पण समोरच्याची लाज काढत नाही. मला वाटायचं, लाजाळू असेल.

मार्चमध्ये तो मला कॉफीला बाहेर घेऊन गेला आणि त्याने कारण सांगितलं. कॅलिफोर्नियात सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीत ज्याचं नाव आहे, त्याला दरवर्षी वाढदिवसाच्या पाच कामकाजाच्या दिवसांच्या आत पोलिसांकडे जाऊन नोंद ताजी करावी लागते. हा 2009 पासून जातोय. तेविसाव्या वर्षी एका पार्टीत त्याने एका मुलीला तिच्या मनाविरुद्ध हात लावला होता. ‘दारू प्यायलो होतो’ हे त्याने सांगितलं, पण मी विचारल्यावर. कोर्टात गुन्हा कबूल केला, थोडे दिवस काउंटी जेल, मग प्रोबेशन. आता रजिस्ट्रीतून नाव काढण्यासाठी त्याला अर्ज करायचा होता आणि वकिलाला सहकाऱ्यांची पत्रं हवी होती. “तू देशील?”

मी ‘विचार करतो’ म्हणालो. सहा वर्षं ज्याच्या शेजारी बसलो, त्याच्याकडे बघायचं कसं हेच मला त्या दुपारी कळेना.

रात्री कायदा वाचायला बसलो, नवीन लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचावं तसा. अशी रजिस्ट्री सुरू करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य कॅलिफोर्नियाच, 1947 मध्ये. आणि पुढची कित्येक दशकं इथे एकच नियम होता: एकदा नाव चढलं की मरेपर्यंत. पार्टीत हात लावणारा आणि लहान मुलांवर पुन्हा पुन्हा अत्याचार करणारा, दोघं एकाच यादीत, दोघं आजन्म. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि 2021 पासून तीन पायऱ्या आल्या. पहिलीवर किमान 10 वर्षं, दुसरीवर 20, तिसरीवर साधारण आयुष्यभर. 1 जुलै 2021 पासून अर्ज घेऊ लागले.

पण मुदत संपली म्हणून नाव आपोआप गळत नाही. आपल्या काउंटीच्या कोर्टात अर्ज करायचा, पोलीस आणि सरकारी वकिलांना प्रती द्यायच्या. सरकारी वकिलांना वाटलं की हा यादीत राहण्याने लोकांची सुरक्षितता बरीच वाढते, तर ते सुनावणी मागू शकतात. मग न्यायाधीश गुन्ह्याचं स्वरूप बघतात, पीडित किती, त्यांची वयं काय, ओळखीच्या की अनोळखी, नंतर हा कसा वागला, उपचार पूर्ण केले का. नाकारलं तर पुन्हा अर्ज करायला किमान 1 आणि जास्तीत जास्त 5 वर्षं थांबायचं.

म्हणजे त्याला 2021 मध्येच अर्ज करता आला असता. का नाही केला, विचारलं. म्हणाला, “ती फाइल पुन्हा कुणीतरी उघडून वाचणार, त्याची भीती वाटायची.”

वाचता वाचता पॅटी वेटरलिंगपर्यंत पोचलो. तिचा अकरा वर्षांचा मुलगा जेकब 1989 मध्ये मिनेसोटात पळवला गेला. राज्याराज्यांनी रजिस्ट्री ठेवायला लावणारा 1994 चा केंद्रीय कायदा त्याच्याच नावाने आहे. हीच बाई पुढे जाहीरपणे म्हणू लागली की या याद्या फार फुगल्यात, सगळ्यांना एका मापाने मोजतात. जिने सगळ्यात जास्त गमावलं तीच असं म्हणते, म्हटल्यावर मला पत्र लिहायला हरकत नव्हती.

हरकत दुसरीच होती.

माझी एक मावसबहीण आहे. ती अकरा वर्षांची असताना तिच्या सख्ख्या काकांनी तिच्याशी जे केलं ते तिने तेव्हाच मावशीला सांगितलं होतं. मावशी म्हणाली, घरातली गोष्ट घरातच राहू दे. तिच्या लग्नात ते काका पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर होते आणि ती जोडीने त्यांच्या पाया पडली. मला तिने हे सांगितलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्यानंतरच्या दिवाळीत काका घरी आले, आईने डोळ्यांनी खुणावलं आणि मी वाकलो. ताई दारातून बघत होती.

भारतातही 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आहे. सुरुवातीलाच चार लाखांहून जास्त नोंदी होत्या, आणि ती फक्त पोलीस यंत्रणेला दिसते. काका तिच्यात नाहीत. असणार कसे? यादीत जायला शिक्षा लागते, शिक्षेला खटला, खटल्याला तक्रार.

शेवटी ताईला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याने कोर्टात कबूल केलं म्हणतोस? स्वतःच्या तोंडाने?”

“हो.”

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या मुलीला कुणी विचारलं का?”

मी त्याला विचारलं होतं. तिच्याशी संपर्क ठेवायचा नाही असा कोर्टाचा आदेश होता, ती कुठे आहे त्याला माहीत नाही. ताई म्हणाली, “मग तिच्या वतीने तू माफ करू नकोस. जे पाहिलंस तेवढंच लिही. आणि मला नको विचारूस रे, की नाव काढावं का. मला अजून एक नाव यादीत घालता आलेलं नाही.”

पत्र अर्ध्या पानाचं झालं. सहा वर्षं एकत्र काम करतोय, टीममधल्या मुली त्याच्यासोबत रात्री उशिरापर्यंत रिलीज करतात, कुणाची तक्रार मी ऐकलेली नाही, त्याने मला गुन्हा स्वतःहून सांगितला. वकिलाला ‘उत्तम चारित्र्याचा माणूस’ असं वाक्य हवं होतं. मी ते घातलं नाही. चारित्र्य म्हणजे काय ते मला आमच्याच घरात नीट ओळखता आलेलं नाही, तर इथे कुठून सही करू? सहकाऱ्याने वाचलं, ‘थँक्स’ म्हणाला, ते वाक्य मागितलं नाही.

सरकारी वकिलांनी सुनावणी मागितली आहे. निकाल लागेपर्यंत नोंद चालूच, म्हणून ऑक्टोबरात तो पुन्हा रजेवर गेला. त्याच आठवड्यात दिवाळी. आईने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन घरभर फिरवला, तसे मध्येच काका आले, टोपी घातलेले, थकलेले. हात वर करून ‘काय रे, कसा आहेस’ म्हणाले. मी गप्प बसलो.

आई म्हणाली, “आवाज येत नाहीये का तुला?”

“येतोय,” मी म्हणालो, “ताईकडे दे फोन.”