एकच रेघ

काकांच्या, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांच्या बोटाला मी सुई टोचली तेव्हा भर दुपार होती आणि त्याचंच मला कौतुक होतं. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत रात्री रक्तात उतरतात. काचपट्टीवर ते दिसायला हवेत तर रक्त रात्री दहानंतर घ्यावं लागतं. पट्टीच्या चाचणीला तशी अट नाही. मी ७५ मायक्रोलिटर रक्त सोडलं, घड्याळ लावलं. ही पट्टी दहाव्या मिनिटालाच वाचायची. उशीर झाला तर खोटी रेघ उमटू शकते.

एकच रेघ आली, कंट्रोलची.

"काका, तुम्हाला हत्तीरोग नाही."

डावा पाय समोरच होता. वीस वर्षांपासून सुजलेला, घोटा कुठे संपतो ते कळू नये असा. तरी मी तसं बोलले.

टायफॉइडच्या विडाल चाचणीत रुग्णाच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. इथे उलट असतं. प्रतिपिंडं पट्टीतच असतात, काही सोन्याच्या बारीक कणांना जोडलेली. जिवंत प्रौढ जंताचं प्रथिन रक्तात असलं की ती त्याला धरतात, सगळं मिळून पुढे सरकतं आणि दुसऱ्या, चाचणीच्या रेघेपाशी अडकतं. तिथे लाली येते. पण प्रौढ जंत साधारण ६ ते ८ वर्षं जगतो. तो मेला की प्रथिनही हळूहळू संपतं. त्याने नासवलेल्या लसीकावाहिन्या मात्र तशाच राहतात. पट्टी जंताबद्दल बोलत होती. मी ते पायाबद्दलचं उत्तर म्हणून सांगितलं. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

रोगच नाही म्हटल्यावर काकांनी रोजचं साबणाने पाय धुणं सोडलं, चपलाही सोडल्या. कार्तिक अमावास्येला कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरला संत श्रीधर अय्यावाळांच्या घरच्या विहिरीत गंगा येते अशी श्रद्धा आहे, पहाटेपासून स्नानाला रांग लागते. तंजावरच्या शहाजीराजांनी पंडितांना दिलेलं हे गाव, आमच्या घरचं तिथे जाणं कधी चुकत नाही. काका त्या चिखलात अनवाणी उभे राहिले. दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, पाय मांडीपर्यंत लाल झाला. बोटांमधल्या भेगांतून जंतुसंसर्ग शिरला होता. सूज आणखी वाढली, ती पुरती उतरलीच नाही.

काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून मला बरं वाटलं होतं गं."

आता रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी घेते, पाय धुते, बोटांच्या बेचक्यांत मऊ फडकं फिरवून कोरडं करते. करंगळीजवळची भेग अजून भरायची आहे.