वाऱ्यापुढे झुकण्याचे गणित

जगातली एक अजस्र पवनचक्की कुठल्याही किनाऱ्यावर उभी नाही. अमेरिकेच्या आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी 2020 साली ती आकड्यांतच उभारली आणि 15 मेगावॉटच्या सागरी यंत्राचा नमुना म्हणून सर्वांना खुली केली. तिचे एकेक पाते 117 मीटर लांब, 65 टनांचे. न घडलेल्या वस्तूपुढेही माणसाचे हात जुळू शकतात, हे मला तिच्यामुळे कळले.

एवढे लांब पाते ताठ राहूच शकत नाही. वारा त्याचे टोक कित्येक मीटर मागे लोटतो. म्हणून त्याच्या आकारातच टोक वारा येतो त्या बाजूला 4 मीटर पुढे वळवलेले आहे. वारा भरला की ते मागे सरत सरळ होते आणि खांबापासून दूर राहते. वाऱ्यासाठी आधीच जागा राखून ठेवण्याची ही रीत किती सुंदर आहे!

भरल्या कणसाचे ज्वारीचे ताट वाऱ्यात नुसते झुकत नाही, थोडे पिळतेही. पात्याचेही तसेच. थोडेसेच वाकणाऱ्या वस्तूचे गणित तिला सरळ मानूनच करता येते. इथे ते चालत नाही. वाकताना टोक मागे जाते, तसे बुडाकडेही ओढले जाते. बाक आल्यामुळे वारा आणि वजन दोन्ही पात्याला पीळ देऊ लागतात. पीळ बसला की वाऱ्याशी होणारा कोन बदलतो, त्याने जोर बदलतो, आणि जोराबरोबर पुन्हा बाक. ही साखळी क्षणाक्षणाला सोडवावी लागते. लवचीक पट्टीच्या मोठ्या बाकाचे वक्र गणितज्ञ ऑयलरने 1744 मध्येच मांडले होते. आज बीमडाइनसारखी संगणक-प्रणाली पात्याच्या प्रत्येक भागाचे सरकणे, वळणे, पिळणे त्याच निष्ठेने मोजते.

या गणितासाठी वाराही संगणकात घडवावा लागतो, बहुधा दहा-दहा मिनिटांचा. सरासरी वेग तोच, पण झोत आणि भोवरे दर वेळी निराळे. खरा वारा कधी स्वतःला गिरवत नाही.

आणि वारा मंद असला तरी पात्याचे वजन आहेच. फिरताना ते प्रत्येक फेरीत पात्याला एकदा या कडेकडे, एकदा त्या कडेकडे ओढते. मिनिटाला सातएक फेऱ्या धरल्या, तर 25 वर्षांत हे हेलकावे दहा कोटींच्या घरात जातात. म्हणून खऱ्या पात्यांचे नमुने चाचणीगृहात बुडाशी जखडून महिनोन्महिने डोलवतात, आणि तिथे मोजलेला ताण गणिताशी ताडून पाहतात.