कोइम्बतूर ते पुणे : जुन्या मोटारीसोबत सहा दिवस

१९९५ साली पिंपरी येथील टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेन्झ मोटारींची जुळणी सुरू झाली. जर्मनीची डाइम्लर-बेन्झ आणि टेल्को यांनी आदल्या वर्षी त्यासाठी संयुक्त कंपनी स्थापन केली होती. सुटे भाग खोक्यांत भरून जर्मनीहून येत आणि पिंपरीत त्यांची मोटार उभी राही. मर्सिडीजची भारतात जुळवलेली ही पहिली प्रवासी मोटार. जाणकार तिला ‘डब्ल्यू १२४’ या नावाने ओळखतात. पुढे २००९ मध्ये हे काम चाकणला गेले, पण जुन्या मोटारींच्या शौकिनांना आजही पिंपरीच्या त्या गाड्यांचे विशेष अगत्य वाटते.

माझे वडील त्या जुळणी विभागात पर्यवेक्षक होते. दिवसभर ज्या गाडीची दारे, काचा आणि रबरी नळ्या बसवून द्यायच्या, ती विकत घेण्याची ऐपत त्या विभागात कोणाचीच नव्हती आणि त्याची खंतही कोणी करीत नसे. वयाच्या ७६ व्या वर्षी मात्र बाबांनी घरात जाहीर केले, की १९९६ ची एक ‘ई २२०’ कोइम्बतूरला विक्रीस आहे, नव्या लहान मोटारीहून कमी किमतीत मिळते आहे, आणि ती आपण चालवत घरी आणणार आहोत.

दादाने परदेशातून फोनवर विरोध केला. “घ्यायचीच असेल तर ट्रकवर चढवून आणा,” असे त्याचे म्हणणे. त्यावर बाबा म्हणाले, “जाताना ट्रकवरच गेली होती रे. येताना तरी तिला तिच्या पायांनी येऊ दे.”

आमच्यापुढचा खरा प्रश्न मोटारीचा नव्हताच. बाबा ९ वर्षांपासून इन्सुलिन घेतात, त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, डावा गुडघा कुरकुरतो. अशा माणसाला किती अडवायचे आणि किती मोकळे सोडायचे, हा तो प्रश्न होता. घरात ज्येष्ठ माणूस असलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच.

तयारी

आईने वाद मिटवला. “आधी डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला,” असे तिने सांगितले. डॉक्टरांनी नकार दिला नाही, अटी घातल्या. गाडी हाती घेण्यापूर्वी आणि चालवताना दर दोन तासांनी रक्तातील साखर तपासायची. ती ९० मिलिग्रॅमच्या वर असेल तरच स्टिअरिंगवर बसायचे. सलग एका तासाहून अधिक वेळ चालवायचे नाही. अंधार पडल्यावर मुळीच नाही. घाट आणि शहरातील गर्दी मी सांभाळायची. बाबांनी अटी कागदावर लिहून घेतल्या आणि खाली सही केली. कारखान्यातील सवय!

प्रवास सुमारे १२०० किलोमीटरचा. तरुण माणसे तो दोन दिवसांत उरकतात. आम्ही सहा दिवस ठरवले. सलग चार तासांहून अधिक वेळ हालचालीविना बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत दुप्पट होऊनही तो धोका ६००० मध्ये १ इतकाच राहतो. परंतु वय, स्थूलता किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया त्यात भर घालते. म्हणून दर सव्वा तासाला थांबायचे, दहा मिनिटे चालायचे आणि बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायचे, असे ठरले.

वापरात असलेले इन्सुलिनचे पेन थंड हवेत बाहेर ठेवले तरी साधारणतः चार आठवडे टिकते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मात्र ते खराब होऊ शकते. त्यामुळे ते डॅशबोर्डच्या खणात न ठेवता माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवले. ग्लुकोजची पुडी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आणि दुसरी गाडीच्या दारात. ज्येष्ठ मंडळी प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पिणे टाळतात. तेव्हा रोजचे थांबे स्वच्छतागृह पाहूनच निवडले.

गाडीचीही तपासणी झाली. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. या गाडीच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण आकडे मोजल्यावर चारही बदलावे लागले. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या नव्या घातल्या. कागदपत्रांत तमिळनाडूच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण तपासणी पाहिली. लोक अशा गाडीला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मात्र ती पदवी वयाची ५० वर्षे ओलांडलेल्या गाडीलाच मिळते. आपली खासगी मोटार १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण मागते. बाबा हसून म्हणाले, “माझ्या परवान्याचेही तसेच आहे. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचाच हप्ता!”

कोइम्बतूर

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही रेल्वेने कोइम्बतूरला पोहोचलो. पश्चिम घाटाच्या भिंतीत पालघाटची मोठी खिंड आहे; तिच्यातून येणाऱ्या वाऱ्यामुळे या शहराची संध्याकाळ सुखद होते. कापडगिरण्या आणि पंपांचे कारखाने यांनी हे गाव वाढवले. जी. डी. नायडू यांच्यासारखा हरहुन्नरी यंत्रज्ञ इथलाच. त्यांच्या नावाशी निगडित मोटारींचे संग्रहालयही येथे आहे. बाबांनी तेथे दोन तास काढले, पण मध्ये तीनदा बाकावर बसून.

गाडी दाखवायला विक्रेत्याचा मुलगा आला होता. बाबांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. चारही दारे एकेक करून उघडली, लावली आणि प्रत्येक वेळी कान देऊन ऐकले. मग त्यांनी मला त्या गाडीच्या खुणा दाखवल्या : समोरच्या काचेवर एकच वायपर, जो फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांबतो, हाताऐवजी डाव्या पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक, आणि मऊ नसलेली, पाठीला नीट आधार देणारी बैठक. पाठदुखी असलेल्यांना ही कडक बैठक सोफ्यासारख्या गुबगुबीत आसनापेक्षा पुष्कळ सुखाची वाटते, हा अनुभव मला पुढे सहा दिवस आला.

पहिल्या दिवशी अविनाशी ओलांडल्यावर बाबांनी गाडी हाती घेतली. साखर १४२. ताशी ७० चा वेग, डावी मार्गिका, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ४० किलोमीटर झाल्यावर त्यांनी स्वतःच गाडी कडेला घेतली. सेलमच्या पुढे तोप्पूरचा घाट मी चढवला आणि मुक्काम कृष्णगिरीला केला. दुसऱ्या दिवशी बंगळुरूची गर्दी बाहेरच्या रस्त्याने टाळून तुमकुरू गाठले. दोन्ही दिवस दुपारी तीनच्या आत मुक्काम, मग झोप, मग पायी फेरफटका. बाबांच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता.

हिरियूरजवळ

तिसऱ्या दिवशी शिरा मागे पडले आणि हिरियूरच्या अलीकडे तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी चालवत होते. बाबांनी काच खाली केली, हवा हुंगली आणि म्हणाले, “गोडसर वास येतोय ना? शीतक द्रव गळतोय. चिंचेखाली घे आणि इंजिन बंद कर.” रेडिएटरची वरची रबरी नळी, वरून धडधाकट दिसणारी, क्लिपपाशी आतून चिरली होती. तीस वर्षांत रबर कडक होतेच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतला उकळता द्रव अंगावर उसळतो. म्हणून आम्ही पाऊण तास नुसते बसलो. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि डब्यातली दशमी यांचे मोल त्या दिवशी कळले.

हिरियूरचा मेस्त्री दुचाकीवरून आला. त्याला कन्नड आणि थोडी हिंदी येत होती, बाबांना मराठी आणि कारखान्यातले इंग्रजी. बाबांनी खुर्चीतूनच बोटांनी मापे दाखवली. त्याने गावातून मिळतीजुळती नळी आणून कापली आणि बसवली. पैसे घेताना त्याने विचारले, “तुमचे गॅरेज आहे का?” बाबा म्हणाले, “नाही. ही नळी मी पूर्वी बसवायचो.” मी ते हिंदीत सांगितल्यावर तो क्षणभर गाडीकडे आणि मग बाबांकडे पाहत राहिला.

या सगळ्यात तीन तास गेले. दावणगेरेचा मुक्काम रद्द करून आम्ही चित्रदुर्गला थांबलो. खडकांच्या ढिगाऱ्यांवर उभारलेला तो किल्ला खिडकीतूनच पाहिला. हैदरअलीच्या सैनिकांना मुसळाने टिपणाऱ्या ओबव्वाची कथा बाबांना ठाऊक होती. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितली. जेवण मात्र नेहमीपेक्षा दीड तास उशिरा झाले आणि बाबांनी ते अर्धेच घेतले.

किल्ली

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर बाबांनी नेहमीप्रमाणे बोटाला सुई टोचली. आकडा ८४. त्या दिवसाचा दावणगेरेकडचा टप्पा सरळ, मोकळा आणि त्यांचा आवडता. त्याबद्दल ते आदल्या रात्रीच बोलले होते. आकडा मी पाहिला होता आणि गप्प राहिले होते. बाबांनी यंत्र डबीत ठेवले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “आज तू चालव. कालचे जेवण चुकले, त्याचा हा हिशेब.” मग दोन बिस्किटे खाल्ली आणि शेजारच्या आसनावर बसून पट्टा लावला.

घरातल्यांना ज्याची धास्ती होती ती गोष्ट अशी दोन वाक्यांत झाली. मी अडवले असते तर तो त्यांना अपमान वाटला असता, आणि कदाचित त्यांनी हट्टही धरला असता. अटी त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या, आकडा त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणून निर्णयही त्यांचाच राहिला.

पुढे हरिहरला तुंगभद्रा ओलांडली. ब्याडगीच्या आसपास वाळत घातलेल्या मिरच्यांनी जमीन लाल झाली होती आणि काचा बंद असूनही ठसका लागत होता. धारवाडला थांबून पेढे घेतले. बाबांनी वासावर भागवले. पाचव्या दिवशी साखर १३० होती, तेव्हा बेळगावच्या अलीकडचे ३० किलोमीटर त्यांनी चालवले. निपाणी-कागलकडे उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर सायंकाळी रस्त्यावर येऊ लागले, तोवर आम्ही कोल्हापुरात पोहोचून चहा घेत होतो. वयानुसार डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि समोरच्या दिव्याने दिपलेली नजर उशिरा सावरते. रात्रीचा प्रवास टाळण्याची अट किती शहाणपणाची होती, हे त्या ट्रॅक्टरांनी पटवून दिले. सहाव्या दिवशी खंबाटकीचा बोगदा ओलांडून दुपारी दोन वाजता आम्ही पुण्यात शिरलो. आई औक्षणाचे ताट घेऊन उभी होती. तिने आधी बाबांना ओवाळले, मग गाडीला.

सांभाळणाऱ्यांसाठी

प्रत्येक ज्येष्ठाने मोटार चालवत दूरचा प्रवास करावा, असे मला सुचवायचे नाही. वारंवार साखर खाली जाणे, चक्कर, फिट, नजरेचे क्षेत्र आकुंचन पावणे, विस्मरण यांपैकी काही असेल, तर शेजारच्या आसनावरूनच प्रवास करावा. साखरेची मर्यादाही प्रत्येकासाठी वेगळी असू शकते. ती आपल्या डॉक्टरांनी ठरवावी. चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते केवळ सहीपुरते न घेता त्या निमित्ताने डोळे, कान आणि मान वळवण्याची क्षमता खरोखर तपासून घ्यावी.

मात्र इच्छा कोणतीही असो, तीर्थयात्रेची, माहेरच्या गावाची किंवा जुन्या मोटारीची, तिला पहिले उत्तर ‘या वयात?’ असे देऊ नये. कोणत्या अटींवर जमेल, ते एकत्र बसून लिहावे. अंतर निम्मे करावे, दिवस दुप्पट करावेत, वेळापत्रकात एखाद्या बिघाडाला जागा ठेवावी. आणि अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचा पहिला अधिकार त्या व्यक्तीकडेच ठेवावा.

गाडी आता रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना बाहेर निघते. कधी बाबा चालवतात, कधी मी. त्यांच्या परवान्याची मुदत पुढील वर्षी संपते. नूतनीकरणाचा अर्ज करायचा की नाही, ते तेव्हाचे डोळे आणि गुडघे सांगतील, असे ते म्हणतात. आम्ही कोणी त्यांना तो प्रश्न विचारलेला नाही.