राखणदाराचा हप्ता

बडोद्याला गेलो की माझा मुक्काम गोरव्याला, मावसबहिणीकडे. जवळच 1907 साली सुरू झालेल्या अलेंबिकचा परिसर, गोरव्याचा तलाव आणि बीआयडीसीचे लहानमोठे कारखाने. तिथल्याच एका बंद शेडमध्ये ताईने जखमी जनावरांसाठी निवारा थाटला आहे. तीसेक कुत्री, दोन आंधळ्या मांजरी आणि एक लंगडी गाय असा तिचा संसार!

आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि हळदीकुंकू. तिथे उत्तरायण, म्हणजे दिवसभर पतंग. मांजाने कापलेले पक्षी मग निवाऱ्यात येतात आणि त्यांच्या शुश्रूषेला कॉलेजची मुले. अशाच एका उत्तरायणात घारीला पट्टी बांधणाऱ्या मुलाच्या पोटरीला मागून एक कुत्रा चावला. ताईने जखम पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुतली, सरकारी इस्पितळात नेऊन इंजेक्शन दिले. संध्याकाळी मुलाचे वडील आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेन, उद्या काही झाले तर जबाबदार कोण?"

त्या रात्री ताईला झोप लागली नाही. रस्त्यावर होता तोवर तो कुत्रा कुणाचाच नव्हता. तिने त्याला उचलून आत आणले आणि तो तिचा झाला. कायदाही तेच म्हणतो. पूर्वी दंडविधानाचे 289, आता भारतीय न्याय संहितेचे 291 कलम, विचारते ते जनावर ताब्यात कुणाच्या होते आणि त्याने योग्य काळजी घेतली का. जन्मदाखला विचारत नाही!

मग सुरू झाला विम्याचा शोध. पहिला एजंट खुशीत म्हणाला, "जनावरांचा विमा? होईल की!" तो गाय मेली तर पैसे देणारा विमा. गाईने कुणाला शिंग मारले तर काय, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. दुसऱ्याकडे पाळीव कुत्र्यांची पॉलिसी होती, पण त्यात हवे कुत्र्याचे वय, जात, मालक. तिसऱ्याने 'पब्लिक लायबिलिटी' हा शब्द ऐकताच 1991 चा कायदा पुढे केला. तो भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी. ताई म्हणाली, "अरे, माझ्याकडे वायू नाही, शेपट्या आहेत!"

शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्याने सांगितले की हॉटेले, शाळा ज्या ऐच्छिक पॉलिसीने आपल्या जागेतल्या अपघातांची जोखीम उतरवतात, तीच मागून बघा. तो अर्ज मी वाचला आणि मला आपल्या गावचे गाऱ्हाणे आठवले. राखणदारापुढे नारळ ठेवून जाणता माणूस एकेक संकट मोजतो. वाटेत, पाण्यात, रानात, कुठेही आमच्या माणसांना सांभाळ, म्हाराजा! इथेही एकेक संकट मोजलेले. फक्त हा राखणदार अपवादही मोजतो. एका अपघाताला किती, वर्षाला एकूण किती, याची मर्यादा. पगारी कामगार यात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा विमा. कोर्टाचा दंड यात नाही. दत्तक गेलेला कुत्रा नव्या घरी कुणाला चावला, तर तेही नाही. आणि उत्तरायणाला येणारी मुले? ती ना कामगार, ना त्रयस्थ! ती पॉलिसीत मोडतात, असे ताईने कंपनीकडून लेखी घेतले. खरी लढाई तिथेच झाली.

कंपनीने उलट मागितले ते असे : प्रत्येक जनावराची नोंद, लसीकरणाचे दाखले, दुहेरी फाटक, येणाऱ्याची सही. सुरुवातीला ताई वैतागली. मग लक्षात आले, की हप्त्यापेक्षा हीच राखण मोठी. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीजने गावोगाव कुत्र्यांना टोचले, तीही याच जातीची राखण. आता ताई जनावरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला आधीच रेबीजची लस घ्यायला लावते.

हे सारे मी आज लिहितोय, कारण 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. निवारे हवेत, हे सगळेच म्हणतात. त्यांच्या फाटकाआत जबाबदारी कुणी घ्यायची, यावर फारसे कुणी बोलत नाही. ती ताईसारखी माणसे घेतात. हप्ताही त्याच भरतात, त्यावरचा कर वेगळा.

त्या मुलाच्या जखमेला या पॉलिसीचा काही उपयोग नव्हता, ती आधीची. त्याचा खर्च ताईने स्वतः केला. पुढच्या उत्तरायणाला तो पुन्हा आला. सोबत वडीलही होते. त्यांनी फाटकावरची वही उघडली, आधी मुलाची सही घेतली, मग खाली स्वतःची केली आणि विचारले, "बेन, मी काय करू?"

ताईने त्यांच्या हातात पाण्याची बादली दिली.