मोठ्या कॅमचा नाद

हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी टोळक्यात शांत आयडलिंगची सगळ्यात जास्त टिंगल मीच केली आहे. ‘इंजिन चालू आहे की बंद हे कळू नये असं वाटत असेल, तर कॅमरी घ्या आणि सुखी व्हा,’ हे माझं ठरलेलं वाक्य. सिग्नलला उभी असलेली व्ही-एट धडधडली पाहिजे, मध्येच अडखळली पाहिजे, शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून बघितलं पाहिजे. आत दमदार कॅमशाफ्ट असल्याची ती खूण, असं मी मानत होतो. आता मानत नाही.

माझी गाडी 1990 सालची मस्टँग 5.0. नावात पाच लिटर, पण खरं माप 4942 सीसी, म्हणजे हिशेबाने 4.9च. कंपनीने कागदावर 225 हॉर्सपॉवर लिहिलेली. ही गाडी ज्याच्याकडे आली, त्याच्या मनात आज ना उद्या कॅम बदलायचा विचार येतोच, आणि त्या काळात पहिलं नाव निघायचं ते फोर्ड मोटरस्पोर्टच्या ई-303 चं. मीही तोच घ्यायचा म्हणून बसलो होतो. ज्यांच्या गाडीत तो होता त्यांची गाडी पार्किंगमधून कानाला ओळखू यायची, आणि खरं सांगायचं तर माझी अर्धी हौस तेवढीच होती.

ही धडधड येते कुठून, ते आधी सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो. थोडा वेळ दोन्ही उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. मागच्या अंगणात चूल पेटलेली असावी आणि वाड्याची पुढची-मागची दोन्ही दारं सताड उघडी असावीत, तसा हा प्रकार. पुढून वारा जोरात असला की घर झाडल्यासारखं स्वच्छ होतं. वारा पडला की धूर घरात शिरतो. इंजिन 5000 फेऱ्यांवर असताना बाहेर धावणारा एक्झॉस्ट आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो, आणि ओव्हरलॅपची खरी कमाई ती. 700 फेऱ्यांवर मात्र थ्रॉटल मिटलेला, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम, त्यामुळे जळका वायू उलटा इनटेकमध्ये खेचला जातो. पुढच्या चार्जमध्ये त्याची भेसळ होते. एखादं सिलिंडर नीट पेटतं, एखादं पेटतच नाही. ज्याला आम्ही ‘काय आवाज आहे!’ म्हणतो, ते शुद्ध मराठीत मिसिंग आहे. पुण्यात असतो तर मेकॅनिककडे याचीच तक्रार घेऊन गेलो असतो.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. इंजिनिअर आहे, पोटापाण्याचा धंदाच हा. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

पटायला सुरुवात झाली ती वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर. 1995 पासून दर ऑगस्टमध्ये तिथे ड्रीम क्रूझ भरते. जुन्या गाड्यांची मुंगीच्या पावलांनी चालणारी रांग, रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं. एक अलीकडची मस्टँग अशी काही धडधडत होती की मी चालत तिच्यापर्यंत गेलो. 2011 पासूनचं नवं 5.0 इंजिन, कंपनीतूनच 412 हॉर्सपॉवर घेऊन आलेलं. पोरगा विशीतला. कॅम कुठला टाकलास, असं विचारल्यावर तो हसला. आत काहीही बदललेलं नव्हतं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही कॅमचं टायमिंग कॉम्प्युटर चालत्या इंजिनात मागेपुढे करतो, म्हणून आयडलला ओव्हरलॅप कमी ठेवून ते मूळचं शांत असतं. याने लॅपटॉप लावून तेच टायमिंग आयडलपुरतं मुद्दाम बिघडवून घेतलं होतं. याला ‘घोस्ट कॅम’ म्हणतात. एका पैशाची ताकद वाढत नाही, नुसती उचकी.

मी पोराला नावं ठेवायला तोंड उघडणार, तेवढ्यात लक्षात आलं की मी जे विकत घ्यायला निघालोय त्यातही बराचसा भाग उचकीचाच आहे.

घरी येऊन आकडे मांडले. व्हॉल्व्हला ढकलणारा लिफ्टर 0.050 इंच उचलल्यापासून मोजलं तर ई-303 चं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, 220 अंश; लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, 110. ड्युरेशनमधून सेपरेशनची दुप्पट वजा केली की त्या उंचीवरचा ओव्हरलॅप मिळतो: बरोबर शून्य. त्याच मालिकेतला एफ-303 कागदावर याहून मोठा, ड्युरेशन 226. पण त्याचं सेपरेशन 114, म्हणून ओव्हरलॅप उणे दोन. मोठा कॅम आणि ओव्हरलॅप कमी! माझ्या गाडीतल्या मूळ कॅमचा आकडा सुमारे उणे वीस. कॅटलॉगात ड्युरेशन ठळक छापतात आणि गिऱ्हाईक तेच वाचतं. आयडलिंग कसं असेल हे मात्र ही वजाबाकीच आधी सांगते. सेपरेशन वाढवणं फुकट नाही, हेही खरं. लोब जवळ आणले की मधल्या फेऱ्यांना टॉर्कचा चांगला उंचवटा मिळतो. लांब नेले की तो पसरट होतो.

मग दुसरा हिशेब. माझ्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल 3.08, पाचवा गिअर 0.68. ताशी 70 मैलांना इंजिन 1900 च्या आसपास फिरतं. हायवेला 1900, सिग्नलला 700, आणि कामाला जाता-येता या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ज्या 5500 फेऱ्यांसाठी मी जीव टाकत होतो, तिथे ही गाडी रॅम्पवरून हायवेला लागताना डोकावून परत येते.

शेवटचा धक्का व्हॅक्यूम गेजने दिला. माझ्या गाडीला गेज लावला की काटा 18 वर टाचणी मारल्यासारखा उभा. मोठा कॅम टाकलेल्या मित्राच्या गाडीला लावला, तर काटा 10 ते 12 च्या मध्ये थरथरत होता. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या उताराच्या ड्राइव्हवेवरून मी ती गाडी मागे घेतली, ब्रेक एकदा दाबला, सोडला, परत दाबला, तर पेडल लाकडासारखं. ‘अरे, पाय रोवून दाबायचा, सवय होते,’ मित्र म्हणाला. त्याची बायको ती गाडी चालवत नाही. त्यात भर म्हणजे न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, कॉम्प्युटरला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो आणखी पेट्रोल ओततो. गॅरेजमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. आयडल हजारापर्यंत चढवून हे बरंचसं झाकता येतं, पण ती झाकपाकच.

ई-303 घेतला नाही. आधी 1.6 गुणोत्तराचे रॉकर काढून 1.7 चे टाकले. मूळ कॅमवरच व्हॉल्व्हची लिफ्ट 0.444 वरून 0.472 इंचावर गेली आणि आयडलला काही कळलंही नाही. नंतर हेड बदलायला काढले, तेव्हा कॅम सांगून ग्राइंड करून घेतला: इनटेक 212, एक्झॉस्ट 218, सेपरेशन 114. या इंजिनाचा एक्झॉस्ट पोर्ट तोकडा, म्हणून त्या बाजूला थोडी जास्त सवलत. ओव्हरलॅप उणे तेरा. ऑर्डर देताना पहिल्यांदाच मी ‘किती हॉर्सपॉवर मिळेल’ हा प्रश्न दुसरा विचारला. पहिला होता, ‘750 फेऱ्यांना व्हॅक्यूम किती राहील?’ फोनवरच्या माणसाला त्याचं नवल वाटलं नाही. असे प्रश्न विचारणारी गिऱ्हाईकं त्याच्याकडे असतात तर.

मित्र म्हणतो, मी म्हातारा झालो. ‘आवाजच नको असेल तर व्ही-एट कशाला बाळगायची?’ त्याचं अगदीच चूक नाही. वर 5000 च्या पुढे त्याची गाडी माझ्यापेक्षा चांगली ओढते, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय. वुडवर्डवर एखादी जुनी गाडी उचक्या देत उभी राहिली, की माझी मान अजून वळते. फक्त आता तिथे गेल्यावर मी आधी ब्रेकबद्दल विचारतो, आणि कॅमचं सेपरेशन किती ते. बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही. वाचलेले पैसे अ‍ॅक्सलच्या 3.55 गिअरमध्ये घालायचा विचार आहे. त्यावरून आमच्यात वेगळा वाद चालू आहे.