हाताचं अक्षर कुठे शोभतं?

निकाहाच्या पत्रिकेवर, चहाच्या दुकानाच्या पाटीवर, मोबाईलवर फिरणाऱ्या ईदच्या शुभेच्छांमध्ये हल्ली एक धाटणी वारंवार दिसते. किंचित तिरकी, स्केचपेननं सहज लिहिल्यासारखी अक्षरं. या धाटणीतला ‘कलम’ हा फॉन्ट तुमच्यापैकी अनेकांनी नाव न कळता वाचला असेल. इंडियन टाइप फाउंड्रीनं तो २०१४ मध्ये तयार केला. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. एरवी छापील देवनागरीत जिथे भरीव गाठी असतात, तिथे यात मोकळे वेढे आहेत. आपण लिहिताना होतात तसे.

नाव मला आवडलं. कलम हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. कुरआनच्या ६८व्या सूरेचं नावच अल-कलम आहे. कलम म्हणजे मुळात बोरू, आणि बोरूनंच महाराष्ट्रातल्या दप्तरांत शेकडो वर्षं मोडी लिहिली गेली. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात असे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. मोडी ही वेगाची लिपी. हात उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विचार करायचा नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचायचा, पण वाचणाऱ्याला सवय लागायची. छापखान्यात मात्र टिकली ती बाळबोध, कारण छापलेलं कोणीही अनोळखी माणूस वाचणार असतो.

हाच फरक आजही लागू आहे. हस्ताक्षरासारखा फॉन्ट ओळखीच्या माणसाशी बोलतो. त्यात आपुलकी असते, पण नेमकेपणाची हमी नसते.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. शेख, खान, खाटीक ही आपली आडनावं. घाईत लिहिलेल्या ‘ख’चे दोन भाग सुटले की त्याचा ‘रव’ होतो. आमच्या चुलत्यांच्या एका जुन्या कागदावर ‘खान’चं ‘रवान’ झालं होतं. ते दुरुस्त करायला त्यांना जळगावला तीन खेपा घालाव्या लागल्या. ज्याला नावाच्या एका अक्षरासाठी पुरावे गोळा करावे लागतात, त्याला अक्षराचं वळण ही चैनीची गोष्ट वाटत नाही.

म्हणून पत्रिका किंवा फलक करताना आधी त्या फॉन्टमध्ये ‘शेख खलील’ टाइप करून पाहा. श, ख, ल मराठी वळणाचे आहेत का? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतात का? मग ‘सहकुटुंब यायचंच बरं का’ ही ओळ खुशाल ‘कलम’मध्ये ठेवा. नावं, तारीख, मशिदीचा पत्ता मात्र साध्या, सरळ अक्षरात. मयतीची खबर, सभेची सूचना, मदतनिधीचा हिशेबही तसाच. तिथे वाचणाऱ्याला आपली लाडिक लकब नको असते, खात्री हवी असते.