मूठभर मुठेल

प्रवासाला निघण्याची कारणे माणसागणिक वेगळी असतात. कोणी काशीला पुण्य जोडायला जातो, कोणी महाबळेश्वरला हवा खायला. पण आईच्या टाचांना पडलेल्या भेगांपायी सावंतवाडी गाठणारा प्राणी माझ्याखेरीज दुसरा कोणी असेल, असे मला वाटत नाही.

त्याचे असे झाले. आमच्या आईचे वय चौऱ्याहत्तर आणि गेली बारा वर्षे तिला मधुमेहाची सोबत. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या कोरड्या थंडीने तिच्या टाचा अशा उलल्या, की रात्री पांघरुणाचे धागे भेगांत अडकू लागले. आमची कन्या अकरावीत, शास्त्र शाखेला. आजीचे पाय रोज रात्री चेपून देण्याचे काम तिचे. तेव्हा औषधाचा मानही तिनेच घेतला. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, हळद आणि कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर असे सारे एकत्र घोटून तिने मुरंब्याच्या बरणीत भरले आणि बरणीवर सुवाच्य अक्षरांत 'आजीचे मलम' अशी चिठ्ठी डकवली. पहिल्या दिवशी आजीने तोंडभरून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी टाचा चुरचुरू लागल्या, ते मात्र तिने नातीला सांगितले नाही. चौथ्या दिवशी बरणी उघडली, तर आत करडी बुरशी! आणि आजीची एक भेग उघडी पडून रक्त आलेले.

डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतले. "मधुमेह्याच्या पायावर स्वयंपाकघरातले प्रयोग कसले करता? तिथली जखम चिघळली, तर पायावर बेतते." महिनाभर पट्ट्या चालल्या. जखम भरली, पण आमच्या पोरीने आजीच्या पायांना हात लावायचे सोडले ते सोडलेच. रात्र झाली, की ती पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसे आणि आजी उगाच पाय पोटाशी घेऊन पडून राही.

चैत्रात डॉक्टरांनी साधे स्निग्ध काहीतरी लावायची परवानगी दिली. आई म्हणाली, "मुठेल मिळालं तर बघ."

"मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात विचारतो."

"बाजारातलं नको. वहिनी करते ते आण."

मी गप्प झालो. वहिनी म्हणजे माझी मामी. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत तिचे गाव. अकरा वर्षांपूर्वी घराच्या वाटणीच्या वेळी आईने कागदावर सही केली, वाटा सोडला. पण त्या वेळी एक शब्द इकडून गेला, एक तिकडून आला आणि जाणे-येणे तुटले. तीन वर्षांपूर्वी मामा वारले, तेव्हाही आई गेली नाही. तिने त्या दिवशी नुसते देवघर दोनदा पुसले. अशा बाईने 'वहिनी करते ते आण' म्हणावे, याचा अर्थ टाचांपुरता नाही हे कळायला मराठीचा प्राध्यापक असण्याची गरज नव्हती.

मे महिन्यात सुटी लागताच मी कन्येला घेऊन निघालो. ती यायला तयार नव्हती. "तुला शास्त्र कळतं, मला फक्त व्याकरण," असे म्हणून तिला गाडीत बसवली. रात्रीच्या एस. टी.ने कोल्हापूर मागे पडले. पहाटे आजरा गेला आणि उजाडता उजाडता आंबोली आली. घाट उतरताना देशावरची हवा आणि कोकणची हवा यांची शीव अंगाला कळते. वर खिडकीतून येणारा वारा कोरडा आणि हलका. खाली पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला. कन्येने ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "बाबा, ओठ ओढत नाहीत आता." ती सहज बोलली, पण पुढचा सारा धडा त्या एका वाक्यात होता, हे मला मागाहून कळले.

सावंतवाडीस मोती तलावाच्या काठी चहा घेतला, चितार आळीत लाकडी फळांची एक परडी घेतली आणि गावची गाडी धरली. दोन्ही बाजूंना तांबडी माती, जांभ्या दगडाची कुंपणे, काजूची बने. आणि अधूनमधून गर्द हिरवी, खाली लवलेल्या फांद्यांची झाडे. त्यांच्यावर लालजांभळी फळे लगडलेली. हेच रातांबे. आपण पुणे-मुंबईकर त्यांना आमसुलाच्या रूपात, म्हणजे वाळल्यावरच ओळखतो.

मामी खळ्यात बसून रातांबे फोडत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. मला पाहून ती उठली नाही. नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "इलंस, झिला? पयले पाय धू." आणि क्षणभराने, खाली पाहत, "वन्सं बरी आसत मां?"

बस्स. अकरा वर्षांचा हिशेब तेवढ्या दोन वाक्यांत मिटला. मी उगाचच भाषणाची तयारी करून गेलो होतो.

रातांब्याचे काही वाया जात नाही. सालींना फळाच्याच रसाची पुटे देत त्या पुनःपुन्हा उन्हात वाळवल्या, की आमसुले होतात. मीठ घालून रस मुरवला, की आगळ. आणि उरलेल्या बियांचे मुठेल. गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. मराठीत तेलाचे 'एल' करून शेपटासारखे जोडायची चाल जुनीच आहे. खोबरेल, एरंडेल, करंजेल ही सारी त्याच कुळातली. पण बाकीची नावे झाडावरून किंवा त्याच्या फळातल्या गरावरून पडली. हे एकटेच माणसाच्या मुठीवरून. ते का, हे दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाले.

मामीने गेल्या वर्षीच्या वाळवून ठेवलेल्या बिया काढल्या. त्या फोडून आतला गर वायनात घालून कुटला, कन्येनेही मुसळ धरून हाताला फोड आणून घेतला. तो कूट पाण्यात घालून तपेले चुलीवर चढवले. पाणी रटरटू लागले तसे तेल सुटून वर तरंगू लागले. मामीने ते पळीने अलगद दुसऱ्या भांड्यात काढले आणि पुन्हा विस्तवावर ठेवले, आतल्या पाण्याचा तडतडाट थांबेपर्यंत. भांडे निवत आले, की तेल तुपासारखे थिजू लागते. ते अर्धवट मऊ असतानाच मामी मुठीत घेऊन दाबी आणि अंड्याएवढा पांढरट गोळा खाली ठेवी. प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांच्या खाचा. म्हणून मुठेल.

"मामीआजी, यात अजून काय काय घालता?" कन्येने वही उघडून विचारले.

"कायएक नाय!"

पोरगी चरकली. तिच्या बरणीत चार जिन्नस होते. मग तिने हळूच, खाली मान घालून, सारी हकीकत मामीला सांगितली. सोडा, लिंबू, बुरशी, रक्त, काहीही न वगळता. मामी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने विचारले, "तेलात पाणी कित्या घातलंस, गो बाय?"

यात सगळे आले. ताजा गर, ताजा रस म्हणजे पाणीच. आणि पाणी असलेली वस्तू घरच्या बरणीत चार दिवस टिकत नाही, तिथे बुरशी धरते. म्हणून तर मामी तडतडाट थांबेपर्यंत तेल आटवत होती. राहता राहिले सोडा नि लिंबू. आपली कातडी स्वभावतः किंचित आंबट, म्हणजे सौम्य आम्लधर्मी. सोडा तिला एका बाजूने ओढतो, लिंबू दुसऱ्या बाजूने, आणि उललेल्या कातडीला ही ओढाताण सोसत नाही. हे स्पष्टीकरण कन्येचे, मामीचे शास्त्र एका वाक्याचे होते: "त्या टाचांका नुसता तेल लावून काय होवचा नाय. पयला पाणी व्हया, मगे तेल."

तेल ओलावा देत नाही, असलेला राखते. पाय कोमट पाण्यात जरा वेळ ठेवायचे, अलगद टिपायचे आणि कातडी दमट आहे तोच वरून मुठेलाचे झाकण घालायचे. कोकणात हवाच अंगाला पाणी पाजते, म्हणून नुसते खोबरेलही पुरते. पुण्याच्या थंडीत हवाच अंगातले पाणी पिते, तिथे झाकण घट्ट हवे. खोबरेल चोवीस अंशांच्या वर पातळ होते; अंगाला लावले, की ओघळून जाते. मुठेल वितळायला चाळीसच्या आसपास उष्णता लागते. म्हणून ते भेगेत बसले, की तिथेच राहते. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते, त्याचा हा गुण. नुसते चोळायला कठीण वाटले, तर दोन भाग तिळाच्या तेलात एक भाग मुठेल मंद आचेवर विरघळवून निववावे, म्हणजे बोटाने घेता येईल असे मलम होते. डबी तेवढी कोरडी हवी आणि बोटही.

"मग मी तोंडालाही हेच लावू?" कन्येने विचारले. मामीने तिच्या कपाळावरच्या दोन पुटकुळ्यांकडे पाहिले आणि ठाम मान हलवली. तरण्या, तेलकट तोंडाला जड तेल नको. आणखी पुटकुळ्या येतात. तिच्या केसांसाठी मात्र फडताळातून खोबरेलाची बाटली निघाली. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिले, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज कमी केली ती खोबरेलानेच. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. मामीला हे मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ते आम्हाला ठाऊक होते. न्हायला तिने शिकेकाई भिजत घातली आणि तीत जास्वंदीची पाने चुरगाळली. शिकेकाईचा फेस मळ काढतो, पानांचा बुळबुळीत चीक केसांवर बसून त्यांना मऊ करतो. एक काढणारा आणि एक राखणारा, अशी जोडी हवी. रिठा तिने कन्येच्या केसांना मुद्दाम टाळला. कोरड्या केसांना तो फार ओरबाडतो. तिच्या फडताळात जिन्नस चारच होते. पण कोणाला काय आणि कोणत्या ऋतूत, ते माणूस बघून ठरे.

निघायच्या दिवशी मामीने मुठेलाचे पाच गोळे केळीच्या सोपात बांधले. मग आत जाऊन आणखी एक घेऊन आली. तो जरा पिवळसर होता.

"ह्यो वन्संचो वाटो. दरवर्सा काढून ठेवतंय. मामा तुझो सांगून गेलो."

दरवर्षी पहिला गोळा आईच्या नावाने बाजूला ठेवायचा. वर्ष सरून नवा झाला, की जुना देवापुढच्या दिव्यात घालायचा. ज्या वाट्यावरून घर तुटले तो कागदावरचा. हा वाटा मात्र अकरा वर्षे कोणीही न मागता निघत होता. मी गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होतो. कन्येने काही विचारले नाही.

पुण्याला पोचलो त्या रात्री आईने तो पिवळसर गोळा हातात घेतला. त्यावरच्या चार खाचांत तिने आपली चार बोटे बसवून पाहिली. मग म्हणाली, "हात बारीक झालाय वहिनीचा." तेवढ्यात कन्या कोमट पाण्याचे घमेले घेऊन आली. मधुमेहाने आजीच्या पायांना चटका कळत नाही, म्हणून पाणी तिने आधी स्वतःच्या कोपराने पाहिले. पाय भिजवले, बोटांच्या बेचक्यांसकट टिपले आणि नव्या मुठेलातले नखभर घेऊन तळहातावर ऊब देत टाचांत जिरवले. आजीने पाय पोटाशी घेतले नाहीत. तीन आठवड्यांत टाचा मऊ झाल्या. डॉक्टरांनी पाहून हरकत घेतली नाही, एवढी पावती मला पुरे.

परवा आईबरोबर उटण्याचे जिन्नस आणायला गेलो होतो. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ एवढे तिने पारखून घेतले. दुकानदार मुलतानी माती आणि संत्र्याची साल तोलू लागला, तसा तिने हात आडवा धरला. "ती नको. वहिनीची कातडी कोरडी. तिला मसुराच्या पिठात आणि सायीत कालवून द्यायचंय."

"पोस्टाने पाठवायचं ना?" मी विचारले.

"साय पोस्टाने जाते होय रे?" आई म्हणाली.

वसुबारसेच्या रात्रीची सावंतवाडीची चार तिकिटे मी काढून ठेवली आहेत. भाऊबीजेला ओवाळायला भाऊ नाही. पण भावाचे घर आहे आणि न्हाणीत पाणी तापवून वाट पाहणारी वहिनी आहे.